प्रशियन ड्रॅगून हेल्मेट : ओळख आणि पारखीच्या नोंदी

वस्तू : काळ्या चामड्याचे, पितळी साजाचे, सुळका असलेले हेल्मेट. सोबतच्या चिठ्ठीतला दावा : "प्रशियन घोडदळ अधिकारी, १८७०-७१ चे फ्रान्सविरुद्धचे युद्ध, सोन्याचा मुलामा." काम : ओळख पटवणे, मूळ भाग आणि मागाहून बसवलेले भाग वेगळे करणे, स्थिती नोंदवणे, जतनाची किमान दुरुस्ती, मूल्यांकनासाठी टिपण.

२ जून २०२५

खोक्यातून काढताना सुळक्याला किंवा छज्ज्याला धरलेले नाही. दोन्ही हात कवटीखाली, म्हणजे हेल्मेटच्या चामडी घुमटाखाली. नायट्राइलचे हातमोजे वापरले. सुती मोज्यांचे धागे गरुडाच्या पंखांत आणि तडकलेल्या रोगणात अडकतात, आणि ओढले की रोगणाची खपली निघते. काहीही पुसलेले नाही. धूळ, मेण, हिरवा चढ हे सगळे आत्ता पुरावा आहे.

समोर, मागे, दोन्ही बाजू, वरून, आतून असे फोटो; प्रत्येकात मोजपट्टी आणि रंगपट्टी. नंतर खोली अंधारी करून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून तेच फोटो पुन्हा. पुढच्या निम्म्या निष्कर्षांचा आधार हे तिरप्या प्रकाशातले फोटोच असतात.

घोडदळ म्हटले तरी प्रशियात प्रत्येक शाखेचे डोके वेगळे. उलान भालाईत वर चौकोनी पाटी असलेली चापका घालत, हुसार केसाळ टोपी. क्युरासिए, म्हणजे छातीकवचाच्या जड घोडदळाच्या, रेजिमेंटांना धातूचे हेल्मेट, मानेवर उतरत जाणारे, पायऱ्यापायऱ्यांचे. लाइनच्या, म्हणजे गार्ड सोडून बाकी साध्या, रेजिमेंटांना बहुतेक चकचकीत पोलाद, तर गार्ड द्यू कॉर आणि गार्ड क्युरासिए या राजाच्या रक्षक रेजिमेंटांना टोंबाक, म्हणजे तांब्याचे प्रमाण जास्त असलेली पितळेची जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या येगर त्सु फेअर्ड, म्हणजे घोडेस्वार येगर, रेजिमेंटांत क्युरासिएच्याच घाटाचे पण काळे केलेले पोलादी हेल्मेट दिसते. चामड्याचे सुळकेदार हेल्मेट घालणारी घोडदळाची मोठी शाखा ड्रॅगून.

आपल्यासमोरची वस्तू चामड्याची आहे, पुढचा छज्जा कोपऱ्यांत काटकोनी आहे, आणि सुळक्याखालचा तळ गोल नसून चार पाकळ्यांच्या फुलीसारखा आहे. पायदळाच्या शिपायांना १८६७ पासून गोल छज्जा आणि गोल तळ मिळाला; ड्रॅगूननी चौकोनी छज्जा आणि फुलीचा तळ ठेवला. हे दोन्ही जनरलच्या हेल्मेटवरही असतात, म्हणून एवढ्यावर शिक्का मारायचा नाही. पण जनरलला गार्डचा गरुड असतो, आणि इथे लाइन ड्रॅगूनचा आहे, पंख वर उचललेला.

तात्पुरती नोंद : ड्रॅगून, लाइन रेजिमेंट, चामडी हेल्मेट. काळ आणि हुद्दा खुले.

४ जून

आज फक्त कवटी.

पहिला प्रश्न : ही कवटी मुळात ड्रॅगूनचीच, की पायदळाच्या हेल्मेटला ड्रॅगूनचा साज चढवला आहे? पायदळाची हेल्मेट पुष्कळ उरली आहेत, घोडदळाची कमी, आणि भावातला फरक मोठा. त्यामुळे हा बदल करण्याचा मोह जुना आहे. तपासण्याच्या जागा दोन.

छज्जा. गोल छज्जा कापून चौकोनी करता येत नाही, कारण कोपऱ्यात चामडेच कमी पडते. म्हणून बनावट करणारा पूर्ण छज्जा बदलतो. तसे केले की कवटीच्या कडेला टाक्यांची जुनी छिद्रे आणि नवी छिद्रे अशा दोन रांगा दिसतात, किंवा जुन्याच छिद्रांत नवा दोरा दिसतो. इथे एकच रांग, जाड तागाचा दोरा, टाक्यांच्या खाचांत जुने रोगण साचलेले. म्हणजे शिवण आधी, रोगण नंतर. छज्ज्याची पितळी किनार कोपऱ्यात सरळ वळते, घडी पडलेली नाही. ती या आकारासाठीच दाबून काढलेली आहे.

तळ. पायदळाचा गोल तळही चार घुमटाकार खिळ्यांनी बसतो, त्यामुळे आतून छिद्रे मोजून उत्तर मिळत नाही. पाहायचे ते फुलीच्या दोन पाकळ्यांमधले रोगण. तिथे आधी गोल तकट असते तर ती जागा झाकलेली राहून जास्त काळी, जास्त गुळगुळीत दिसली असती, आणि तिच्या बाहेर वर्तुळाची कड उमटली असती. तिरप्या प्रकाशात पाकळ्यांमधले रोगण बाकी कवटीइतकेच बारीक तडकलेले आहे. वर्तुळ नाही.

मागचा कणा, म्हणजे कवटीवरून मागे उतरणारी उभी पट्टी, पितळी, हवा खेळायला सरकती झडप असलेला. झडप गंजून अडकली आहे; हलवलेली नाही. अशी झडप म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा शेवट किंवा त्यानंतर. १८७० च्या दाव्याला इथेच पहिला धक्का.

चामडे वनस्पतिज टॅनिंगचे वाटते : कापलेली कड तपकिरी, आरपार एकसारखी. नव्या प्रतिकृतींत अनेकदा क्रोम टॅनिंगचे मऊ चामडे असते, कडेला निळसर-करडी छटा आणि वर फवाऱ्याने मारलेला काळा रंग. सध्या बाजारात फिरणाऱ्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच भारतातच बनतात, त्यामुळे आपल्याकडच्या खरेदीदाराने ही कड आधी पाहावी. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे कातडे मिळेना तेव्हा जर्मनीने फेल्ट, पत्रा, दाबलेला तंतू अशी पर्यायी हेल्मेट काढली. तीही अस्सलच, पण इथला माल तो नव्हे.

स्थिती : डाव्या बाजूला रोगणाचे जाळे पडलेले, दोन ठिकाणी खपली उडून चामडे उघडे. मागचा छज्जा किंचित वर वळला आहे. पुढच्या शिवणीत उजवीकडे सुमारे ३ सेंमी दोरा तुटलेला.

५ जून

गरुड. छातीवर एफ. आर. (लॅटिन फ्रिडेरिकुस रेक्स, म्हणजे राजा फ्रीडरिख) ही गुंफलेली अक्षरे, पंजांत राजचिन्हे, अंगावरून गेलेली पट्टी : 'मिट गॉट फ्युअर क्योनिग उंट फाटरलांट' (देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी). अक्षरे पट्टीवर उठावाची, कडा घासून मऊ झालेल्या.

मुकुट भरीव आहे. अधिकाऱ्याच्या गरुडाचा मुकुट कमानींमधून आरपार कापलेला असतो, शिपायाचा बंद. लहानशी गोष्ट, पण ती मागाहून करून घेणे कठीण. कानशीने भोके पाडली तर कमानींच्या कडा धारदार राहतात, लगेच कळतात.

गरुड काढला. आतून पाहिले तर दोन पितळी कड्या चामड्यातल्या फटींतून आत येतात आणि त्यांत खुंटी अडकवलेली. अधिकाऱ्याच्या गरुडाला पाठीमागे आटे असलेले खांब आणि नट असतात. काढताना खुंट्या लाकडी काडीने ढकलल्या. पकडीने ओढल्या तर कडीची झाळ सुटते. डाव्या कडीची झाळ जुनी, काळवंडलेली. उजवीची चकचकीत, ओघळ आलेली, म्हणजे कडी एकदा निघून पुन्हा लावली आहे.

गरुडाची पाठ महत्त्वाची. साच्यात दाबून काढलेल्या पत्र्याची पाठ म्हणजे पुढच्या बाजूचा उलटा ठसा : छातीवरची अक्षरे मागून खोलगट दिसतात. वाळूच्या साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ सपाट, रवाळ, बुडबुड्यांच्या खड्ड्यांची. इथे उलटा ठसा स्पष्ट, पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पाठीवर कधीही पॉलिश न झालेला चॉकलेटी थर. अस्सल.

गरुडाखालचे रोगण काळेभोर, आणि त्यात पंखांची सावली उमटलेली. गरुड परत वर ठेवला : दोन्ही पंखांची टोके, शेपटी आणि पट्टीचे टोक सावलीवर तंतोतंत बसले. कवटीला जास्तीची छिद्रे नाहीत. म्हणजे हा गरुड या कवटीवर अनेक वर्षे होता. चुकीच्या गरुडाची जोडणी उघडी पडते ती सहसा इथेच : बुजवलेल्या फटी, वेगळ्या घाटाची सावली, कड्यांचे अंतर न जमणे.

प्रशियाच्या क्रमांकात १ ते २६ ड्रॅगून रेजिमेंटा होत्या, पण सगळ्यांवर प्रशियन गरुड नव्हता. १७ आणि १८ मेक्लेनबुर्ग, १९ ओल्डेनबुर्ग, २० ते २२ बाडेन, २३ आणि २४ हेसेन, २५ आणि २६ व्युर्टेंबेर्ग : त्यांच्या हेल्मेटच्या पुढच्या बिल्ल्यावर आपापल्या राज्याची चिन्हे, बाडेनचा ग्रिफिन, हेसेनचा सिंह. म्हणून शोध १ ते १६ मध्ये. त्यात साजाचा धातू बटणांच्या रंगाप्रमाणे, पिवळा किंवा पांढरा. आपला पिवळा आहे, म्हणजे ५, ६, १२, १६ अशा पांढऱ्या बटणांच्या रेजिमेंटा बाद.

९ जून

बाजूचा साज. वस्तूतला घोळ इथे आहे.

हनुवटीची खवलेपट्टी पितळी, सपाट खवल्यांची, टोकाला गुलाबफुली, आत स्क्रू आणि नट. सपाट खवले पायदळ अधिकाऱ्याचे. ड्रॅगूनला, शिपाई असो की अधिकारी, फुगीर खवले. पायदळाच्या शिपायांची खवलेपट्टी १८८७ मध्ये जाऊन चामडी पट्टा आला. घोडदळाने फुगीर खवले ठेवले. ही पट्टी ड्रॅगून हेल्मेटवर कोणत्याही काळात बसत नाही.

शिपायाच्या हेल्मेटवर १८९१ पासून दोन्ही बाजूंना एकेक खुंटी असते, जर्मन संग्राहक तिला 'क्नॉप्फ ९१' म्हणतात. कोकार्ड, म्हणजे राज्याच्या रंगांची गोल चकती, तिच्यावर बसते आणि पट्टी तिच्यात अडकते. इथे खुंट्या नाहीत. पण आतल्या बाजूला, दोन्हीकडे, नटाच्या वॉशरभोवती त्याहून मोठ्या आकाराचा दाबलेला ठसा आहे, आणि मधले छिद्र गोल कानशीने वाढवले आहे. वाढवलेल्या भागाचे चामडे फिकट, तंतू उभे. खुंट्या काढून टाकून तिथे अधिकाऱ्याची गुलाबफुली बसवली, एवढाच याचा अर्थ निघतो.

असा साज बदलण्याचे कारण उघड आहे : अधिकाऱ्याचे हेल्मेट महाग जाते. विक्रेत्यांच्या हातून हा प्रकार वर्षानुवर्षे चालत आला आहे. ही पट्टी कधी बसवली ते तिच्यावरून सांगता येत नाही, आतल्या नटाच्या चकाकीवरून ती फार जुनी नाही एवढे दिसते.

कोकार्ड दोन. डावीकडे प्रशियाचे काळे-पांढरे-काळे, उजवीकडे साम्राज्याचे काळे-पांढरे-लाल. साम्राज्याचे कोकार्ड २२ मार्च १८९७ पासून, विल्हेल्म पहिला याच्या जन्मशताब्दीला. त्याआधी राज्याचे एकच कोकार्ड, तेही उजवीकडे. १८७० मध्ये जर्मन साम्राज्यच नव्हते. उजव्या कोकार्डखाली कवटीवर त्याची वर्तुळाकार सावली आहे, म्हणून ते मागाहून लावले अशी पळवाट उरत नाही. डाव्याखालीही सावली आहे, पण तिचा व्यास आत्ताच्या चकतीपेक्षा थोडा मोठा. डावे कोकार्ड बदललेले.

तळाचे चार खिळे घुमटाकार, साधे. अधिकाऱ्याचे ताऱ्याच्या आकाराचे असतात. इथे कोणी हात लावलेला नाही. आत खिळ्यांचे दुभंगलेले पाय वाकवलेले, वाकांत जुनी धूळ. सुळका फिरवून निघतो का, हे पाहिले नाही. निघाला तरी त्यावरून अधिकारी ठरत नाही, कारण परेडला केसांचा तुरा लावणाऱ्या तुकड्यांनाही सुळका काढावा लागे. १९१५ च्या नमुन्याचा सुळका संगिनीसारख्या कुलपाने निघतो आणि साज करडा असतो. तो प्रश्न इथे नाही.

१२ जून

अस्तर. आत बदामी रेशमासारखे रिबदार कापड, खाली चामडी घामपट्टी. हे अधिकाऱ्याचे अस्तर. शिपायाच्या हेल्मेटमध्ये चामडी घामपट्टीच्या वरच्या बाजूला जिभा कापलेल्या असतात आणि त्या टोकांतून दोरी ओवून डोक्याच्या खोलीप्रमाणे आवळतात.

अंधारात अतिनील दिवा, ३६५ नॅनोमीटर, चष्मा घालून. अस्तर निळे-पांढरे उजळले. कापड उजळ दिसावे म्हणून टाकली जाणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कापडात आणि धुण्याच्या पावडरीत सर्रास आली. जुने अस्तर आधुनिक पावडरीने धुतले तरी ते उजळते, म्हणून हा एकटा पुरावा पुरत नाही. पण शिवणीचा दोराही तसाच उजळतो, आणि कडेला गोंदाची पिवळट रेघ दिसते. छज्ज्याची शिवण मात्र त्याच दिव्याखाली काळोखात राहिली.

घामपट्टीच्या कडेला कवटीत टाक्यांची छिद्रे आहेत ज्यांतून आत्ता एकही टाका जात नाही. आधीची घामपट्टी वेगळ्या ओळीत शिवलेली होती.

मागच्या छज्ज्याच्या आतल्या बाजूला काहीच नाही : ना शिक्का, ना हिरवा-लाल रंग. अधिकाऱ्याच्या हेल्मेटला पुढच्या छज्ज्याची खालची बाजू हिरवी आणि मागच्याची लाल असते. साज बदलणाऱ्याने हे रंगवायचे सोडून दिले, आपले काम सोपे झाले.

शिपायाच्या सरकारी हेल्मेटवर शिक्के असायलाच हवेत. मागच्या छज्ज्यावर नाहीत, तर अस्तराखाली, माथ्याच्या आत असणार. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या हेल्मेटवर तुकडीचे शिक्के नसतात, हीदेखील एक शक्यता. तसे असेल तर दर्जा सहसा शिपायापेक्षा वरचा असतो, आणि इथला गरुड, खिळे, चामडे सगळे साधे सरकारी आहे. मालकाची लेखी संमती मिळेपर्यंत अस्तराला हात नाही.

१७ जून

संमती आली. अस्तर काढले.

गोंद रबरासारखा, संपर्काने चिकटणारा. अस्तराची कड बोथट स्पॅचुलाने हळूहळू, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. गोंद सोडवायला अल्कोहोल अजिबात नाही : जुने रोगण लाखेचे असेल तर अल्कोहोलने विरघळते, आणि शिक्क्याची शाई गेली तर परत येत नाही. चिकट उरलेला गोंद कोरड्या क्रेप रबराने गोळा करून उचलला. काढलेले अस्तर फेकलेले नाही. पिशवीत, तारखेसह, वस्तूसोबत राहील.

माथ्यात शिक्के मिळाले.

पहिला : बी. ए., पुढे रोमन आकड्यात तीन, खाली १९०६. बी. ए. म्हणजे बेक्लायडुंग्सआम्ट, त्या त्या आर्मी कोअरचे वस्त्रभांडार. रोमन आकडा कोअरचा. दुसरा : डी. आर. २. तिसरा मापाचा : ५५. आजचा आतला परीघ त्याहून थोडा कमी भरतो. शतकभरात चामडे आकसते.

शाई चामड्याच्या तंतूंत मुरलेली, आणि जिथे तडा गेला आहे तिथे अक्षरही तडकलेले. नव्याने मारलेल्या शिक्क्याची शाई तड्याच्या आत उतरते, दोन्ही काठांवर सांडते. दहापट भिंगाखाली 'आर'च्या पायावरून एक तडा जातो. शाई काठापर्यंत येऊन थांबली आहे, तड्याच्या भिंती स्वच्छ.

आता जुळवणी. दोन नंबरची ड्रॅगून रेजिमेंट म्हणजे पहिली ब्रांडेनबुर्ग ड्रॅगून रेजिमेंट, ठाणे ओडर नदीवरचे श्वेट, स्थापना १६८९. शांतताकाळात ती तिसऱ्या आर्मी कोअरमध्ये होती, आणि भांडाराचा आकडा तीनच आहे. कॉलर काळी, बटणे पिवळी; साज पिवळा. अंगरखा बाकी ड्रॅगूनसारखा कॉर्नफ्लॉवर निळा. तीन स्वतंत्र धागे एकाच जागी येतात. शिक्का खोटा मारणारा रेजिमेंटचा नंबर घालतो, पण कोअरचा आकडा जुळवायला सहसा विसरतो. म्हणून कुठलाही शिक्का पाहिला की आधी रेजिमेंटचे ठाणे, मग कोअर, मग बटणांचा रंग, अशी उलटतपासणी करायची.

एक शेजारची गफलत टाळायला : या रेजिमेंटचा गरुड 'श्वेटर आडलर' म्हणून पुढेही जगला. दोन महायुद्धांमधल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्यात तिची परंपरा सांगणाऱ्या तुकड्या तो टोपीवर बिल्ला म्हणून लावत. तो आकाराने खूपच लहान. 'हेल्मेटचा सुटा गरुड' म्हणून विकायला आला तर आधी रुंदी मोजावी.

२० जून

हातात धरायचे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र, म्हणजे पृष्ठभागात कोणती मूलद्रव्ये आहेत ते सांगणारे, दिवसभरासाठी मिळाले. प्रत्येक जागी ३० सेकंद, गंज आणि मेण नसलेली जागा निवडून.

गरुड, तळ, कणा : तांबे-जस्त, थोडे शिसे. सोने नाही, पारा नाही. अधिकाऱ्याच्या जुन्या साजावर पाऱ्यात कालवलेले सोने तापवून मुलामा देत. त्याचा पारा मागे राहतो आणि यंत्राला दिसतो. विजेने चढवलेल्या मुलाम्यात सोने दिसते, पारा नाही. इथे दोन्ही नाही, म्हणजे "सोन्याचा मुलामा" हे नुसते घासलेले पितळ.

सपाट खवलेपट्टी : पितळच, पण गुलाबफुलीवर सोन्याचा अंश. खरी अधिकाऱ्याची पट्टी, दुसऱ्या कुठल्यातरी पायदळी हेल्मेटवरची.

गरुडाची डावी कडी : झाळेत कथील आणि शिसे. उजवी : कथील, थोडी चांदी आणि तांबे, शिसे नाही. ही शिसेविरहित झाळ अलीकडची.

डावे कोकार्ड, पांढरे वलय : टायटॅनियम भरपूर. टायटॅनियमचा पांढरा रंग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व्यापारात आला आणि त्यानंतरच पसरला. १९०६ च्या चकतीवर तो असणार नाही. उजवे कोकार्ड, पांढरे वलय : शिसे आणि जस्त, टायटॅनियम नाही.

चामडे, उघडी पडलेली जागा : क्रोमियम नाही.

यंत्र नसेल तर? गरुडाची पाठ, सावल्या, मुकुट, खिळे, शिक्के यांवर ओळख आधीच पटली होती. यंत्राने नक्की केले ते डाव्या कोकार्डचे आणि उजव्या कडीचे वय.

२४ जून

पाऊस लागला. खोलीत सापेक्ष आर्द्रता ७४ टक्क्यांवर गेली. वस्तू सिलिका जेलसह बंद पेटीत, ४८ टक्क्यांवर. धातूला याहून कोरडे आवडते, पण ४० च्या खाली चामडे आणि रोगण तडकते. दोघांना चालणारी जागा ४५ ते ५०.

धूळ मऊ ब्रशने, नळीच्या तोंडाला जाळी बांधलेल्या व्हॅक्यूमकडे झटकून.

पितळ जिथे चामड्याला टेकते तिथे हिरवा, मेणचट चढ. चामड्यातली आणि पॉलिशमधली चरबी तांब्याला लागून हे क्षार तयार होतात. बांबूच्या काडीने कोरडेच उचलले, उरलेले व्हाइट स्पिरिटच्या जेमतेम ओल्या बोळ्याने, फक्त धातूवर. बुटाचे पॉलिश, एरंडेल, खोबरेल, नीट्सफूट तेल यांतले काहीही नाही : चामडे काळवंडते, रोगण खालून सुटते आणि हिरवा चढ दुप्पट वेगाने परत येतो. तेल पाजून चामडे जिवंत होते हा समज अशा वस्तूंचे सर्वांत जास्त नुकसान करतो.

पितळ घासलेले नाही, घासायचेही नाही. बाजारच्या पॉलिशचे दोन तोटे. पांढरी भुकटी अक्षरांच्या खाचांत बसते. आणि अमोनिया असलेले पॉलिश दाबकाम केलेल्या पितळेला तडे पाडू शकते : वाकवलेल्या पत्र्यात ताण अडकून असतो, अमोनिया तिथेच खातो. हा रोग ओळखीचा झाला तो आपल्याकडेच. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने त्यांच्या मानेला तडे जात. इंग्रजीत त्याला ऋतूच्या नावानेच ओळखतात. घोडदळाच्या हेल्मेटलाही हे लागू पडावे, हा योग म्हणायचा.

सुटलेल्या रोगणाच्या दोन खपल्या : मासळीच्या गोंदाचे पातळ द्रावण सर्वांत बारीक ब्रशने कडेखाली सोडले, वर सिलिकॉनचा कागद, हलके वजन, रात्रभर. उडालेल्या जागा रंगवलेल्या नाहीत.

तुटलेली शिवण : जुना दोरा जागीच ठेवून, जुन्याच छिद्रांतून तागाचा नवा दोरा, ३ सेंमी. नवे छिद्र एकही नाही. मागच्या छज्ज्याचा वळलेला कड दाबून सरळ करण्याचा प्रयत्न नाही; ओलावा देऊन सरळ करता येतो, पण रोगणासकट तडकण्याची शक्यता मोठी आणि फायदा दिखाऊ.

१ जुलै

सपाट खवलेपट्टी आणि गुलाबफुल्या काढल्या, पिशवीत, नोंदीसह. मालकापुढे पर्याय दोन : बाजूला काहीच न लावता ठेवणे, किंवा जुन्या मूळ खुंट्या आणि फुगीर खवले शोधून बसवणे. नव्या प्रतिकृतीचे खवले बसवायला आमचा विरोध नाही, अट एवढीच की पाठीवर वर्षाचा ठसा असावा, म्हणजे पुढच्या हातात गेल्यावर फसवणूक होणार नाही. खुंटी बसवताना वाढवलेल्या छिद्रात आतून चामड्याचा मोठा वॉशर लागेल, नाहीतर पट्टीच्या वजनाने छिद्र आणखी फाटेल.

खोटे कोकार्ड काढून ठेवले. त्या जागेची सावली आता दिसते, आणि ती दिसलेली बरी. शिपायाची चामडी जिभांची घामपट्टी सुटी मिळते, पण जुनी मिळाली तरी कवटीत मोकळ्या असलेल्या जुन्या छिद्रांशी जुळली तरच शिवायची.

स्टँड : माथ्याला आधार देणारा पॉलिएथिलीन फोमचा घुमट, वर पॉलिएस्टरची गादी आणि धुतलेले मलमल. भार छज्ज्यांवर येत नाही. पेटीत लोकरी फेल्ट नको, त्यातला गंधक पितळ काळे करतो. ओकची लाकडी पेटी नको, तिची आम्लवाफ शिसे असलेल्या झाळेला खाते.

४ जुलै

मूल्यांकनाचे टिपण, मालकाला दिलेल्या स्वरूपात :

प्रशियन लाइन ड्रॅगून हेल्मेट, शिपायाचे, १८९५ चा नमुना, १९०६ चे भांडार. तिसऱ्या कोअरचे वस्त्रभांडार, दुसरी ड्रॅगून रेजिमेंट. मूळ : कवटी, दोन्ही छज्जे, किनार, कणा, तळ आणि सुळका, गरुड (उजवी कडी पुन्हा झाळलेली), साम्राज्याचे कोकार्ड. बदललेले : प्रशियाचे कोकार्ड, खवलेपट्टी आणि गुलाबफुल्या, अस्तर, घामपट्टी. हरवलेले : दोन्ही खुंट्या, जिभांची घामपट्टी. नुकसान : दोन्ही बाजूंची छिद्रे वाढवलेली, हे परत होत नाही.

अधिकाऱ्याचे हेल्मेट म्हणून किंमत लावू नये, १८७० चे म्हणून तर नाहीच. तुलना करायची ती तुकडीचे शिक्के असलेल्या, शिपायाच्या ड्रॅगून हेल्मेटशी, आणि तीही लिलावात प्रत्यक्ष हातोडा पडलेल्या भावाशी. दुकानांच्या संकेतस्थळांवरचे भाव मागणीचे असतात, मिळकतीचे नसतात. त्यातून जुन्या फुगीर खवल्यांची, खुंट्यांची आणि एका कोकार्डची बाजारातली किंमत वजा करावी, आणि वाढवलेल्या छिद्रांसाठी वेगळी घट धरावी. स्पष्ट वाचता येणारे, एकमेकांशी जुळणारे शिक्के ही या वस्तूची खरी जमेची बाजू. अस्तराखाली राहिले असते तर ती कोणालाच कळली नसती. काढलेली अधिकाऱ्याची पट्टी अस्सल आहे आणि तिला स्वतंत्र भाव आहे, ती वस्तूसोबत विकण्याचे बंधन नाही.

विमा काढायचा असेल तर रक्कम बदलीच्या खर्चावर ठरवावी, विक्रीच्या अंदाजावर नाही. परदेशी लिलावाला पाठवायचा विचार असेल तर आधी थांबावे : वस्तू भारतात आहे आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे, त्यामुळे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याचा प्रश्न येतो. ती जर्मन आहे म्हणून आपोआप सुटत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय कुरिअर करू नये.

अस्तराची पिशवी, काढलेला साज, तिरप्या प्रकाशातले आणि शिक्क्यांचे फोटो वस्तूसोबत दिले. खवले सापडल्यास छिद्रांचा व्यास पुन्हा मोजून मगच बसवणी.